अकराव्या महिन्याचा खोलीबदल

भाडेकरू ठेवायचे म्हणजे आधी दोरीवरचे कपडे मोजायला शिकायचं. मला हे कुणी शिकवलं नाही. भोरच्या आमच्या चार खोल्या माझ्या नावावर झाल्या आणि महिन्याभरात डोळ्यांना सवयच लागली. दोन माणसांच्या खोलीपुढे तीन टॉवेल का? मायलेकींच्या खोलीपुढे हा सदरा कुणाचा? उंबऱ्याशी चपलांचे पाच जोड, आतून आवाज दोघांचाच, मग बाकीचे तिघे गुपचूप बसून काय करतायत? रविवारी मी फाटकातून आत पाऊल टाकायच्या आधीच माझी शिरगणती झालेली असायची. मग हसून विचारायचं, "काय, बरं आहे ना सगळं?" तेही हसून म्हणायचे, "बरं आहे ताई." दोन्हीकडून खोटं.

मला आडून लिहिता येत नाही, म्हणून सरळच सांगते. माझं लिहिणं घडलं ते पत्रकांवर. वेल्ह्याच्या डोंगरांना प्लॉटिंगवाल्यांनी तारा मारल्या, गुरांच्या जुन्या वाटा अडवल्या, तेव्हा आम्ही चारपाच जणांनी एका पानाची पत्रकं छापून भोरच्या स्टँडवर, बाजारात, कॉलेजच्या दारात वाटली. जो जागेवर राबतो त्याला कागदवाल्यानं हुसकायचं नाही, हे वाक्य माझं. माइक हातात घेऊन मी ते दहा ठिकाणी बोललेय. आणि त्याच वर्षी मी मालकीण झाले.

खोल्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी बांधलेल्या. आमचं गाव मार्गासनीजवळ, पण एस.टी.तल्या नोकरीत अण्णांचं अर्धं आयुष्य भोरमध्ये गेलं. नोकरी सुटल्यावर त्यांनी गावाच्या कडेला दोन गुंठे घेतले आणि एका ओळीत चार खोल्या काढल्या. सगळ्या सारख्या. पुढे अंगण, मागे भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये चार हात रुंदीची पट्टी. पुढं त्यांचे गुडघे गेले. गावाहून नसरापूर, तिथून कापूरहोळ, मग भोर, अशा तीन गाड्या बदलणं जमेना. तेव्हा म्हणाले, "तू मोर्चे काढत फिरतीस, तुला म्हातारपणी कोण बघणार? घे, तुझ्या नावावर करतो." मी नको म्हणाले नाही. हेही लिहून ठेवते.

खोल्यांबरोबर अण्णांचा नियमही आला. अकरा महिन्यांचा करार सगळीकडेच असतो. अण्णा त्यावर आणखी एक पायरी चढले होते. दर अकरा महिन्यांनी सगळ्यांनी खोली बदलायची. पहिलीतल्यांनी दुसरीत, दुसरीतल्यांनी तिसरीत, तिसरीतल्यांनी चौथीत, आणि चौथीतल्यांनी सगळं बिऱ्हाड उचलून पहिलीत. त्या दिवशी अंगणात चार संसार मांडलेले असायचे. गॅसच्या टाक्या, खाटा, देवांचे फोटो, पिठाचे डबे. शेजारपाजारचे बघायला यायचे. एकदा कुणीतरी अण्णांना विचारलं, "कंडक्टरसाहेब, खोल्यांनाबी फेऱ्या लावल्या का?" अण्णा म्हणाले, "एका सीटवर फार बसलं की माणूस सीट आपलीच म्हणतो."

हे त्यांना कुठून आलं? आमच्याच घरातून. मार्गासनीकडची आमची सव्वा एकर भातजमीन मुळात आमची नव्हती. मालक पुण्यात, पणजोबा कसणारे. पीकपाहणीला त्यांचं नाव लागत गेलं, कूळकायदा आला, आणि कसणाऱ्याची जमीन झाली. लहानपणी मी ही गोष्ट ऐकून छाती फुगवून शाळेत सांगितली होती. अण्णांनी तीच गोष्ट ऐकली आणि त्यांना भीती वाटली. ते मालकाच्या बाजूनं विचार करायचे. तो मालक दरसाल येऊन चार पायल्या तांदूळ घेऊन गेला, आणि एक दिवस जमीन त्याची राहिली नव्हती.

"अण्णा, कूळकायदा शेतीला आहे. खोलीला नाही."

"कायदा काय, आज हितं हाय, उद्या तितं. माणूस मुळ्या सोडायच्या आत हलवला की झालं."

मी वाद घालायची, पण नियम मोडला नाही. वास्तुशांतीपासून अकरा अकरा महिने मोजल्यानं खोलीबदल दर वर्षी एक महिना अलीकडे सरकायचा. त्या वर्षी तो डिसेंबरात आला.

तिसऱ्या खोलीत मायलेकी राहायच्या. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, जिथं जीपही जात नाही, तिथल्या धनगरवाड्यातल्या. मुलगी बारावीला. वरून रोज येणं शक्य नाही, म्हणून आई तिच्यासाठी खाली उतरून आलेली. दुपारी एका खानावळीत भाकऱ्या थापायची. नवरा वर म्हशींबरोबर. बाजाराच्या दिवशी तूप विकायला यायचा, तेव्हा दोरीवर तो सदरा दिसायचा. हे मला माहीत होतं, तरी दर वेळी मी तो सदरा मोजायचीच.

खोलीबदलाच्या दिवशी सकाळी मी पोहोचले तेव्हा पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या खोलीचं सामान अंगणात आलेलं होतं. तिसऱ्या खोलीच्या उंबऱ्यावर मावशी मेथी निवडत बसल्या होत्या.

"मावशी, सामान काढा की. दुसरीतले खोळंबलेत."

"आमी ह्या टायमाला न्हाई हलत ताई."

"न्हाई म्हणजे?"

"पोरीची परीक्षा आलीया. आन् मागं येल लावलाय, आत्ता कुठं धराया लागलाय. परीक्षा झाली की चौथीत टाका, न्हाईतर पार नदीत टाका. आत्ता न्हाई."

चौथ्या खोलीत शिकवणी घेणारे एक सर होते. भोंगवलीचे, शनिवारी गावी जाणारे. ते आपल्या खाटेवर, भर अंगणात, मांडी घालून बसलेले. म्हणाले, "झालं! मधला डबाच हलंना म्हणल्यावर आम्ही काय करायचं? मला पहिलीत जायचं, पहिलीतल्यांना दुसरीत, आणि दुसरीतले जाणार कुठं? ह्यांच्या मांडीवर?"

सगळे हसले. मावशीही हसल्या. मी हसले नाही. मी वळसा घालून मागे गेले.

मागच्या पट्टीत बाथरूमचं पाणी पाइपनं वळवून आणलं होतं. कुंपणावर काशीभोपळ्याचा वेल चढलेला, त्याला सहा फळं. खाली वांगी, मिरच्या, कडेला अळू. हिरवंगार. दुसऱ्या कुणाच्या मागे असतं तर मी फोटो काढून कौतुक केलं असतं. पण वाफ्याच्या कडेनं दगड लावलेले होते. हारीनं, एकाला एक चिकटून. वेल वाळून जातो. दगड म्हणजे बांध. आमच्याकडचा माणूस दगडाची हार दिसली की थांबून बघतो. कोण कुठे थांबतं आणि कोणाचं कुठून सुरू होतं, हे इकडे दगडच सांगतात.

"हे दगड कशाला मावशी?"

"पाणी व्हावून जातं ना, ताई. माती धुपती."

उत्तर बरोबर होतं, पण मला ते फार लवकर आलेलं वाटलं.

त्या दिवशी सगळ्यांनी सामान पुन्हा आत नेलं. अण्णांच्या राज्यात पहिल्यांदाच खोलीबदल झाला नाही. मी अण्णांना फोनवर परीक्षेचं सांगितलं, दगडांचं सांगितलं नाही. मग चौथ्या दिवशी सरांचा फोन आला.

"मॅडम, मी उगाच कुणाच्या वाईटावर नसतो. पण तुमच्या कानावर घालतो. ती पोरगी सकाळी मागं फोटो काढत होती."

"कशाचे?"

"त्या वाफ्याचे. चारी कोपऱ्यांतून. मधे उभी राहून, मोबाईल वर धरून. आमच्या भोंगवलीला सगळे असंच करतात आता. शेतात उभं राहायचं, फोटो मारायचा, पीक चढलं सातबाऱ्यावर. त्यात आणि आई हलायला तयार नाही. मी आपलं सांगितलं. तुमचं तुम्ही बघा."

मला हसू यायला हवं होतं. मोबाईलवरच्या पीकपाहणीवर मीच दोन वर्षांपूर्वी पत्रक काढलं होतं. पण संशयानं घेरलं की माणूस आपलं ज्ञानही संशयाच्याच कामाला लावतो. नोंद फक्त खातेदाराला करता येते, बरोबर. पण खोल्यांच्या सातबाऱ्यावर आमच्याबरोबर, अण्णांनी ज्याच्याकडून गुंठे घेतले त्या मूळ मालकाचं नाव अजून होतंच. आसपासचे सगळे प्लॉट त्याच एका उताऱ्यातले. त्यानं आता जागेवर पुन्हा डोळा ठेवला असेल तर? मावशीला हाताशी धरलं असेल तर? तुम्ही लागवड करा, मी पीक चढवतो, खोलीवाल्यांना कोर्टात खेचू. प्लॉटिंगवाल्यांनी याहून उलटेसुलटे डाव खेळलेले मी पाहिले होते. त्यांच्याशी भांडता भांडता मला त्यांच्यासारखा विचार करता यायला लागला होता, आणि तो मी एका भाकऱ्या थापणाऱ्या बाईवर चालवून पाहिला. बसला की बरोबर!

गावी जाऊन अण्णांना सगळं सांगितलं. दगडांसकट. ते खाटेवर उठून बसले.

"दगड लावलेत?"

"हो."

"आपल्या म्हाताऱ्यानंबी, तुझ्या पणजोबानं, आदी दगडच लावले व्हते."

एवढंच बोलले. मी तिथंच, त्यांच्या खाटेशेजारी बसून नोटीस लिहिली. पत्रकाचा हात तो, दहा मिनिटांत कागद तयार. "सदर जागेत आपण मालकाच्या परवानगीशिवाय लागवड केली असून, ठरलेल्या वेळी खोली बदलण्यास नकार दिला आहे. आपला हेतू प्रामाणिक वाटत नाही. तरी आठ दिवसांत खोली रिकामी करावी." शब्द कुठे ढिला नाही, वाक्य कुठे लांबलं नाही. मला त्या कागदाचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

कागद मी स्वतः नेऊन दिला. पोस्टानं पाठवणाऱ्या मालकांना मी भित्रे म्हणत आले, म्हणून. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटासुलटा करून लेकीकडे दिला. ती दारात उभी राहून मोठ्यानं वाचायला लागली. शाळेत धडा वाचतात तसा तिचा आवाज, स्वच्छ, स्वल्पविरामाला थांबणारा. "हेतू प्रामाणिक वाटत नाही" इथं आली तेव्हा आवाज बारीक झाला, पण थांबली नाही. शेवटपर्यंत वाचलं.

"म्हंजी काय?" मावशींनी विचारलं.

"म्हंजी निगायचं."

"आमी कवा म्हणलं जागा आमची?"

मी विचारलं, "मग फोटो कशाला काढले? चारी बाजूंनी?"

मुलगी म्हणाली, "ताई, ते प्रकल्पाचे हायेत. पर्यावरणाचा प्रकल्प असतो ना बारावीला. माझा परसबागेचा हाय. दगड लावून धूप थांबवली, त्ये बी लिवलंय त्यात. वही दाखवू?"

ती आत वळलीसुद्धा. मी म्हणाले, "वही नको. आधी कागदावर सही करा, मिळाला म्हणून."

हे वाक्य मी कितीदा तरी मनात फिरवलंय. वही दहा पावलांवर होती. पण मला वाटलं, वही दाखवतील, मग रडतील, मग मी विरघळेन. शिकल्यासवरल्या मालकिणीला असंच गुंडाळतात, असं कुणीतरी मला कधीतरी सांगितलेलं. मावशींनी अंगठा उठवला. लेकीनं शाईचा डाग ओल्या फडक्यानं पुसून दिला.

आठ दिवस दिले होते. दुसऱ्याच दिवशी खोली रिकामी झाली. मी गेले तेव्हा फरशी पुसलेली, खिळे काढून भोकांना पीठ लावलेलं. मागच्या पट्टीत वेल मुळापासून उपटून कुंपणावर टाकलेला. दगड एकेक उचलून कोपऱ्यात ढीग केलेला, आणि माती पायानं सपाट केलेली. हिशोब चुकता करावा तसं. भोपळे सरांच्या दारात ठेवले होते.

"कोवळे आहेत हो," सर म्हणाले. "भाजीच होईल. तुम्हाला देऊ का दोन?"

मी त्यांच्याकडे बघितलं. आता मला त्यांचाच संशय आला. तिसरी खोली अंगणातल्या नळाजवळची. ह्यांना तर ती हवी नव्हती? नाही, तेही खरं नसणार. पण एकदा हे सुरू झालं की थांबवायचं कुठे?

मी तलाठी कार्यालयात गेले. पदाचं नाव आता बदललंय, पण सगळे तलाठीच म्हणतात. त्यांनी आमचा गट काढून दाखवला. त्या हंगामात पिकाची नोंद कोरी.

"मूळ मालकानं काही अर्ज वगैरे?"

"तो कुठला अर्ज करतोय! त्याला जाऊन तीन वर्षं झाली. पोरं मुंबईला, वारसनोंद करायलासुद्धा येईनात. काय झालं काय?"

मी सांगितलं. त्यांनी ड्रॉवर उघडला. "ताई, भाडेकरूनं फोटो मारून पीक चढत नसतं. खातेदारच लागतो. हे तुमीच छापलं होतं की. माझ्याकडं आहे तुमचं पत्रक. दाखवू का?"

"नको," म्हणाले मी. दुसऱ्यांदा.

त्या संध्याकाळी अण्णांशी भांडण झालं. "गेली ना? झालं तर मग. सुंठेवाचून खोकला गेला," ते म्हणाले.

"अण्णा, आपली जमीन आपल्याला कशी मिळाली?"

"कसली म्हणून मिळाली."

"मग ती बाई काय करत होती?"

"आपली गोष्ट येगळी. आपण तितं तीन पिढ्या राबलो."

"पहिल्या वर्षी पणजोबांना मालकानं अकराव्या महिन्याला हलवलं असतं, तर कुठल्या तीन पिढ्या?"

अण्णांनी गुडघ्यावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "म्हणून तर हलवतो. मला म्हाईत हाय काय व्हतं ते." आणि थोड्या वेळानं, भिंतीकडे बघत, "पोरगी कितवीला म्हणालीस?"

"बारावीला. प्रात्यक्षिकं तीन आठवड्यांवर आलीयेत. वरून ती रोज खाली उतरू शकत नाही. आता खोली नाही, म्हणजे परीक्षा नाही."

खोल्या माझ्या नावावर होत्या. त्यांच्या बोलण्याची वाट बघायचं कारणही नव्हतं.

वेल्ह्यापर्यंत एस.टी., पुढे जीप, आणि मग दोन तास चढ. वरच्या पठारावर चार घरं. मी पोहोचले तेव्हा मुलगी डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती. मला बघून थांबली, भारा गोठ्यात टाकला आणि आत गेली. घराच्या आढ्याला एका पिशवीत तिची पुस्तकं टांगलेली होती, उंदरांनी खाऊ नयेत म्हणून.

मावशी म्हशीचं दूध काढत होत्या. धार तोडली नाही.

"कशापायी आलाय?"

"मावशी, माझी चूक झाली. चला परत."

"कुठं?"

"खोलीवर."

"खोली तुमची. तुमी म्हणलं निगा, आमी निगालो. आता म्हणताय या. उद्या?"

मी त्यांच्या नवऱ्याकडे बघितलं. तो मेखेला दोर बांधत होता. म्हणाला, "माझ्याकडं नका बघू. म्हशींचं माझ्याकडं, खोलीचं तिच्याकडं."

"पोरीचं नुकसान होतंय मावशी."

आता धार थांबली. "पोरीचं नाव घिऊ नका. कागद लिवताना पोर दिसली न्हाई व्हय? दारात हुबी करून तिच्याच तोंडानं वाचून घेतला तुमी. आईला घराभायेर काढायचा कागद लेकीनं वाचायचा."

मी उभीच होते. बस म्हणालं नव्हतं कुणी.

"मनात काय हाय त्ये आदी सांगा," त्या म्हणाल्या. "दुसरं गिऱ्हाईक मिळंना का? का पत्रकात छापायचंय, गरिबाला म्हागारी घर दिलं म्हणून? फोटो काढाया आलाय?"

मोबाईल हातात होता, रेंज बघत होते. मी तो पिशवीत टाकला. सांगितलं, सगळं सांगितलं. सर, फोटो, मूळ मालक, तलाठी. पणजोबांच्या दगडांचंही सांगितलं. मावशींना ते ऐकून पहिल्यांदा हसू आलं, पण ते हसू माझ्याकडं नव्हतं, नवऱ्याकडं होतं. "ऐकलं का? चार वांग्यांनी आपण भोर घेणार व्हतो."

"घेतलं असतं तर मला बी सांगायचं," तो म्हणाला. "म्हशी तरी खाली आणल्या असत्या."

मला वाटलं, जमलं. नव्हतं जमलं.

"कागद करा," मावशी म्हणाल्या. "परीक्षा हुईस्तवर काढनार न्हाई, खोली बदलायला लावनार न्हाई, आसा. तुमी कागदानं काढलं, कागदानंच घ्या. तोंडाचं वाऱ्यावर जातं."

"आत्ता लिहिते. ही वाचून दाखवेल—"

"ती न्हाई." लेकीकडे न बघताच म्हणाल्या. "तिला यायचंच हाय. ती कायबी लिवलेलं ग्वाड करून वाचंल. आन् तुमी लिवनार, म्हंजी तुमी बी न्हाई. वेल्ह्यात झेरॉक्सवाला हाय, तो अर्ज लिवून देतो. त्यो वाचंल. त्येला तुमच्याशी काय घेनं न्हाई आन् आमच्याशी बी न्हाई."

मुलगी दारातून हलली नाही. पण तिचा चेहरा लाल झाला. आईचा संशय तिच्यापर्यंतही पोहोचला होता, आणि तो मी आणून दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेल्ह्याच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात आम्ही तिघी जमलो. मुलीला मावशींनी बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. मी सकाळी स्टॅम्पपेपरवर लिहून आणलं होतं. दुकानदारानं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "मी खाली सही करणार, खोली क्रमांक तीनची मालक, असे लिहून देते की, भाडेकरू यांच्या मुलीची बारावीची परीक्षा पूर्ण होईपर्यंत शक्यतो खोली रिकामी करण्यास सांगणार नाही..."

"थांबा," मावशी म्हणाल्या. "त्ये मदलं काय?"

"शक्यतो."

"म्हंजी?"

दुकानदारानं एकदा माझ्याकडे बघितलं. "म्हंजी, जमलं तर."

तो शब्द अण्णांनी घालायला लावला नव्हता. कुणीच नाही. लिहिताना माझ्याच हातानं घातला होता, आणि घालताना मला कळलंही नव्हतं. दहा पत्रकांत सरकारचे 'शक्यतो' आणि 'यथावकाश' शोधून मी त्यांच्यावर तुटून पडले होते.

"जमंल का न्हाई, त्ये आदी ठरवा," मावशी म्हणाल्या. "आमी हितंच बसतो."

मी दुकानदाराचा पेन घेतला, शब्द खोडला, शेजारी सही केली. त्यांनी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी गिऱ्हाइकं मागे उभी राहून ऐकायला लागली. मग मावशींनी लेकीला हात केला.

दोन दिवसांनी त्या तिसऱ्या खोलीत परत आल्या. मुलीनं प्रात्यक्षिकं दिली, मग लेखी परीक्षा. मी रविवारी जायची, तेव्हा मावशी दारात येऊन उभ्या राहायच्या. दार अर्धंच उघडं. "काय, बरं आहे ना?" म्हटलं की "व्हय" म्हणायच्या, आणि मी काय बघतेय ते बघायच्या. मी दोरीकडे बघायचं सोडलं, पण त्या माझ्या डोळ्यांकडे बघायचं सोडेनात. मागच्या पट्टीत मी सांगूनही त्यांनी काही लावलं नाही. म्हणाल्या, "कागदात न्हाई त्ये."

शेवटच्या पेपरच्या दिवशी दुपारी मी गेले, तर सामान बांधलेलं. नवरा अंगणात टेम्पोवाल्याशी बोलत होता. मी म्हणाले, "मावशी, राहा की. पुढं कॉलेजला ही येणारच ना भोरला? खोलीबदल मी बंद केलाय. अण्णांनाही सांगितलंय."

"त्ये बरं केलं," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्यांस्नी उपेगी पडंल."

"आणि तुम्ही?"

"आमाला दुसरी खोली मिळालीया. कॉलेजच्या अंगाला."

मुलगी टेम्पोत पुस्तकं रचत होती. मी तिला विचारलं, पेपर कसा गेला. तिनं आधी आईकडे बघितलं. मग म्हणाली, "चांगला गेला ताई." एवढंच.

"पण मी काढत नाहीये तुम्हाला," मी मावशींना म्हणाले. आवाज माझाच, पण मोर्च्यातला नव्हता.

"न्हाई काढत. कुठं म्हणलं म्या तसं?" त्यांनी फडक्यानं उंबरा पुसला, खोली पाठीमागे बंद केली. "पर लिवलं व्हतं परीक्षा हुईस्तवर. परीक्षा झाली."